कासवाला न दिसणारी भिंत

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी बारा दिवसांची सुट्टी टाकून पाथरीला घरी गेले, दोन कासवांसाठी कुंपण घालायला. सुट्टीच्या अर्जात कारण 'घरचं काम' एवढंच लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर मॅनेजरने कॉल लावला असता.

कासवं माझी नाहीत, चुलतभावाची आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्याने पुण्यातल्या एका दुकानातून ती आणली तेव्हा दोन्ही मिळून एका तळहातावर मावायची. "लहान टाकीत ठेवलं की लहानच राहतात," असं दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. हे धादांत खोटं आहे. पण भाऊ तेव्हा सेकंड इयरला होता, हॉस्टेलवर राहत होता आणि ते खरं असणं त्याच्या सोयीचं होतं. ही सल्काटा जातीची कासवं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातली, जमिनीवर राहणारी, गालापागोस आणि अल्दाब्राच्या महाकाय कासवांनंतर जगात सगळ्यात मोठी. नर पन्नास किलोपर्यंत सहज जातो आणि अनेक दशकं जगतो. आमच्यातलं मोठं आज २४ किलोचं आहे, छोटं १७ किलोचं. दोन्ही नर. भावाला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा त्याने दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, कुठेच जागा नव्हती. मग आमच्या शेताचा विषय निघाला.

कायद्याचं आधी सांगते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. आपल्याकडचं चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, घरात पाळता येत नाही, तो गुन्हा आहे. परदेशी प्रजातींचं प्रकरण वेगळं. २०२० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती द्यायची योजना आणली. २०२२मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. भावाने नोंदणी केली होती. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक होतं. फक्त २४ किलोचा प्राणी तिसऱ्या मजल्यावरच्या टेरेसवर राहत होता आणि १७ किलोच्या प्राण्याला रोज धडका मारत होता.

छोट्या टेम्पोतून आम्ही त्यांना आणलं. माजलगाव मागे टाकून ढालेगावजवळ गोदावरी ओलांडताना ड्रायव्हर अगदी मनापासून म्हणाला, "ताई, इथंच सोडून द्या की. पुण्य लागंल." मी त्याला सांगितलं, हे पाण्यातलं कासव नाही, बुडून मरेल. त्याचा विश्वास बसला नाही. मराठीत दोन्हीला कासवच म्हणतात आणि देवळात गाभाऱ्यासमोर जे दगडाचं असतं तेही कासवच. चूक त्याची कशी म्हणायची? पण तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की या दोघांसाठी 'सोडून देणं' नावाचा पर्यायच नाही. नदीत सोडलं तर बुडतील. रानात सोडलं तर कुत्री, ट्रॅक्टर, थंडी यांतलं काहीतरी गाठेल, आणि समजा जगली तर इथल्या रानात आफ्रिकेतला प्राणी आणून सोडल्याचं पाप वेगळं. साहेलमध्ये परत पाठवावं, तर ती तिथे जन्मलेलीही नाहीत. अंगावर कोणते रोग घेऊन जातील, कोण सांगणार? म्हणजे भिंत बांधणं भागच होतं. प्रश्न उरला तो कशी बांधायची याचा.

आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला होता, हे कबूल करते. स्क्रीनवरचे चौकोन हलवून पगार घेणाऱ्या माणसाला खरीखुरी माती मिळाली की काय होतं, ते मलाच माहीत.

आमची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगते. सल्काटा बीळ खणतं. साहेलमधल्या उन्हापासून वाचायला ते कित्येक फूट खोल जातं. काळ्या मातीत असं बीळ म्हणजे जुलैत पाण्याने भरलेली कबर. म्हणून बाबांनी मी यायच्या आधीच शेताच्या उंच कोपऱ्यात मुरूम टाकून अडीच फुटांचा ओटा करून घेतला होता. पुलाखाली घालतात तसला सिमेंटचा पाइप त्यात आडवा पुरला. हे झालं बीळ. हिवाळ्याचा प्रश्न त्याहून अवघड. परभणीकडे मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण डिसेंबर-जानेवारीत तो एक आकडीही होतो, हे पुण्यातल्या लोकांना खरं वाटत नाही. सल्काटाला शीतनिद्रा नसते. थंडी आणि ओल एकत्र आली की त्याला न्यूमोनिया होतो. परदेशातले लोक त्यांच्या खोपटात हीटर लावतात. आमच्याकडे लोडशेडिंग. शेवटी बाबांनीच तोडगा काढला. आजीचं जुनं माळवद पाडलं तेव्हाची सागवानी लाकडं आणि पांढरी माती पडूनच होती. त्यांनी सहा बाय सहाचं, कमरेएवढ्या उंचीचं माळवद बांधलं. दीड फूट जाड मातीच्या भिंती, वर लाकडाचं आढं, त्यावर पांढरी माती. आत एक छोटा हीटर आहेच, पण तो बंद पडला तरी रात्रभर ऊब धरून राहते. शेजारच्या आखाड्यावरचे लोक म्हणतात, कासवाचा घरकुलात नंबर लागला.

चाऱ्याची चिंता नव्हती. हरळी, निवडुंगाची पानं, जास्वंद, थोडा कडबा. गाजरगवत उपटून काढलं, कण्हेर तोडली. एवढ्यावर सगळं भागतं.

आता कुंपण. वाचलेल्या प्रत्येक ठिकाणी पहिला नियम एकच होता: पलीकडचं दिसता कामा नये. तारेची जाळी लावली तर कासव तिच्यातून पलीकडचं गवत पाहतं आणि तिकडे जायला बघतं. दिवसभर जाळीच्या कडेने येरझारा घालतं, नाक खरवडतं, पाय अडकवून घेतं, शेवटी जाळी वाकवून निघून जातं. तेच कासव दोन फुटांच्या भरीव भिंतीपुढे मात्र वळतं आणि दुसरीकडे चरायला लागतं. भिंत फार मजबूत असावी लागत नाही. आरपार दिसणारी नसावी, बस.

मी शहाबादी फरशीची कल्पना काढली. साडेतीन फुटी फरश्या उभ्या लावायच्या, दीड फूट जमिनीत, दोन फूट वर. खणायला गेलं तरी लागणार नाही, आणि सिमेंटच्या भिंतीसारखी काळ्या मातीत तडकणार नाही, कारण प्रत्येक फरशी सुटी. कोपरे गोल ठेवायचे, नाहीतर कासव कोपऱ्यात जाऊन ढकलत बसतं. मधोमध अजून एक रांग, कारण दोन नर एकमेकांना दिसले की लढतात. एकाने दुसऱ्याला उताणं पाडलं आणि ऊन असलं, तर पडलेलं काही तासांत मरतं. दोघांनाही वाटलं पाहिजे की या जगात आपण एकटेच आहोत. कासवाला त्याचं वाईट वाटत नाही, उलट तो निवांत होतो.

मिस्त्रींना मी मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी ते बोटांनी मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, ही भिंत आतल्यासाठी हाये का बाहेरच्यासाठी?"

म्हटलं, दोन्ही.

"दोन्ही नसती. कुत्र्यासाठी उंची लागती, ह्यांच्यासाठी खोली. तुम्ही खोलीला पैशे घातलेत, उंचीला नाही." मग बाहेरून बोराटीची कुपाटी करायचं ठरलं. भिंत आतल्यासाठी, काटे बाहेरच्यांसाठी. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

त्याचं कारण ऑफिसात आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत सबस्क्रिप्शनचं पान करायचे. रद्द करण्याचं बटण आम्ही काढलं नव्हतं. ते कधीच कोणी काढत नाही. आम्ही ते राखाडी केलं, चार स्क्रीन आत ढकललं आणि वाटेत 'तुम्ही काय गमावाल' असं एक सुंदर पान ठेवलं. तो लेआउट माझा होता. रद्द करणाऱ्यांचं प्रमाण पहिल्याच महिन्यात घसरलं आणि टीमने मला केक आणला. गंमत म्हणजे कोणी तक्रार केली नाही. लोक अडले नव्हतेच, ते विसरून गेले होते. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शन ट्रॅप हाही आहे. यादी वाचताना स्वतःचा रिझ्युमे वाचल्यासारखं वाटलं होतं.

आणि आता मी शेतात उभी राहून नेमकं तेच करत होते. अडवायचं नाही, पलीकडे काही आहे हेच मनात येऊ द्यायचं नाही. मला ते जमतं, माझा हात त्यावर बसलेला आहे.

न दिसणाऱ्या भिंतींचा एक इतिहास आहे. १९०७ साली कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेनला एक प्राणिसंग्रहालय उघडलं. तोवर प्राणी गजांमागे असत. हागेनबेकने गज काढले आणि पुढे खंदक खणले, असे की पाहणाऱ्याच्या नजरेला ते दिसणारच नाहीत. समोर हरणं, त्यांच्या मागे सिंह, मागे डोंगर, सगळं एकाच चित्रात मोकळं वाटावं. आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत हीच पद्धत आहे. पण यात भिंत लपवली होती ती माणसापासून. सिंहाला खंदक बरोबर माहीत होता. तिकीट काढून आलेल्याला अपराधी वाटू नये एवढीच सोय होती. माझ्या फरश्या याच्या बरोबर उलट. त्या मला दिसतात, कासवाला नाहीत. हे हागेनबेकपेक्षा जास्त प्रामाणिक की कमी, मला सांगता येईना.

झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक हाइनी हेडिगर यांचं म्हणणं या बाबतीत रोखठोक होतं. रानातला प्राणी 'मुक्त' असतो ही माणसाची कविकल्पना आहे, असं ते सांगत. प्रत्येक प्राणी स्वतःच्या इलाख्याला, पाण्याच्या वाटेला, शत्रूच्या भीतीला बांधलेला असतो. त्याला अमर्याद जागा नको असते, पुरेशी आणि योग्य जागा हवी असते. हे वाचून मला बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की संशय आला. आमच्या कंपनीतही म्हणायचे, युजरला इतके पर्याय नकोच असतात.

आजीला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "आपल्या हिरीत नव्हतं का कासव?" होतं. लहानपणी ओणवून बघायचो आम्ही. पाण्यातलं, मऊ पाठीचं. पाणी साफ राहतं म्हणून आजोबांनी नदीतून आणून टाकलं होतं. मराठवाड्यात कितीतरी विहिरींत असं कासव असायचं. चाळीस फूट खोल, बांधीव, वर चढायला कासवाला काहीच नाही. वर आकाशाचा एक गोल. त्याला कोणी कैद म्हटलं नाही. आजी म्हणते, "ते सुखात होतं माय. पंधरा वर्षं होतं." सुखात होतं हे तिला कसं कळलं, असं मी विचारलं नाही. आपल्याकडे कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते म्हणतात, आई नि गुरूच्या मायेला संतांनीही हीच उपमा दिली आहे. प्रत्यक्षात कासवी अंडी घालून निघून जाते. पुन्हा बघायलाही येत नाही. नजर आपली असते, वाढवल्याचं समाधानही आपलंच.

सहाव्या दिवशी फरश्या लावून झाल्या. फाटक उरलं होतं. हातगाडी आत न्यायला चार फुटांचं फाटक लागणार होतं. वेल्डिंगवाल्याने लोखंडी चौकट आणि जाळी बसवून दिली आणि विचारलं, पत्रा मारू का? मी नको म्हटलं. मनात असं होतं की एक बाजू तरी खरी राहू दे. चहूकडून खोटं असण्यापेक्षा चार फूट खरं. हे मी बाबांना सांगितलं नाही, नुसतं 'हवा खेळेल' म्हटलं. तत्त्वज्ञान शेतात मोठ्याने बोलायची लाज वाटते.

मोठ्याला आत सोडलं. त्याने पहिला दिवस सगळ्या कडेने फिरण्यात घालवला. टेरेसवर नऊ वर्षं काढल्यावर पहिल्यांदा मातीवर पाय ठेवत होता. संध्याकाळी तो फाटकाशी आला आणि थांबला. जाळीपलीकडे आमचा हरभरा होता.

दुसऱ्या दिवशी तो तिथून हललाच नाही. चार फूट डावीकडे, चार फूट उजवीकडे. मऊ मातीत दुपारपर्यंत वाट पडली. नाक जाळीला घासत होता, पुढचे पाय वर टाकत होता. निवडुंगाची पानं मागे ठेवली, तिकडे बघेना. तिसऱ्या दिवशी नाकावरची कातडी सोलली होती. फरशीपलीकडे छोटा आरामात चरत होता. त्याच्या बाजूला फाटक नव्हतं.

मला २०१०चा एक प्रयोग आठवला. ॲना विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतली लाल पायांची कासवं घेतली आणि व्ही आकाराच्या कुंपणापलीकडे अन्न ठेवलं. एकट्या कासवांना वळसा घालून जायचं सुचलं नाही. ज्यांनी आधी दुसऱ्या, शिकवलेल्या कासवाला तसं जाताना पाहिलं, त्यांना जमलं. एरवी एकटं राहणारा प्राणी, तरी पाहून शिकतो. म्हणजे माझ्यासमोर येरझारा घालणारा प्राणी दगड नव्हता. त्याला काहीतरी हवं होतं. ते हवं असणं जाळीने जन्माला घातलं होतं आणि जाळीनेच अडवलं होतं.

आजी काठी टेकत आली, जरा वेळ बघत उभी राहिली. "कशाला दाखवायलीस त्याला?" म्हणाली. "द्यायचं नसंल तर दाखवू नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती चार फुटांची खरी बाजू त्याच्यासाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. केक खाल्ल्याची भरपाई मी त्याच्या नाकावर करत होते. माणूस आणि कासव यांत इथे फरक पडतो असं मला वाटतं. ज्याचं सबस्क्रिप्शन मी लांबवलं त्याला खरं सांगितलं असतं तर तो त्या माहितीचं काहीतरी करू शकला असता. पैसे वाचवले असते, शिव्या दिल्या असत्या. त्याचं न कळणं आमच्या नफ्याचं होतं. कासवाला खरं कळून तो त्याचं काहीच करू शकत नाही, नुसता झिजतो. त्याचं न कळणं त्याच्या फायद्याचं आहे. हा फरक खरा आहे, आणि तरीही तो सांगताना माझा आवाज त्या मीटिंगमधल्यासारखाच येतो. 'युजरच्या भल्यासाठी' हे शब्द मी तिथेही वापरले होते.

नवव्या दिवशी मी स्वतः पत्रा आणला आणि तारेने फाटकाला बांधला. दीड दिवसात मोठा तिथून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याच्या उतारावर ऊन खात पडला होता, मान लांब करून. मी बराच वेळ बघत बसले. पत्रा मारल्याचा पश्चात्ताप नाही. पण दोघांमधल्या एकालाच भिंत दिसत असेल, तर ती ज्याला दिसते त्याने ती विसरायची सोय राहत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. त्याच्या वाटणीचं माहीत असणं आता माझ्याकडे आहे.

आणि ते किती दिवस सांभाळायचं? हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात मार्च २०२४मध्ये चाणक्य नावाचं गालापागोस कासव वारलं. वय सव्वाशेच्या आसपास सांगितलं गेलं. १९६३ साली त्याला शहरातल्या बाग-ए-आममधून तिथे हलवलं होतं. हे खरं असेल तर आमची पाथरी निजामाच्या राज्यात होती तेव्हा ते कासव होतं. राज्य गेलं, जिल्हा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, ते कासव कुठल्या ना कुठल्या भिंतीच्या आत चरतच होतं. ज्यांनी त्याला पहिल्यांदा आणलं त्यांना कोणी विचारलं असेल का, तुमच्यानंतर काय?

बाबा ६१ वर्षांचे आहेत, मी २८. सल्काटा नऊ. गणित सोपं आहे आणि घरात कोणी ते मोठ्याने करत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची आणि झाडांची नोंद होते, कासवाची होत नाही. मी एक दोनशे पानी वही घेतली. काय खातात, काय खाऊ घालायचं नाही, हीटर कधी लावायचा, दोघांना एकत्र का सोडायचं नाही, फरशी हलली तर कुठून बसवायची, पोर्टलवर काय कळवायचं. पहिल्या पानावर लिहिलं की ही कासवं पाण्यातली नाहीत, नदीत सोडू नका. ही वही कोण वाचणार आहे, ते माहीत नाही. बहुतेक तो माणूस अजून जन्मलेला नाही. कोड लिहिताना डॉक्युमेंटेशनचा मला कंटाळा होता. हे मात्र चार रात्री बसून लिहिलं.

पावसाळ्यात मोठ्याने पाडलेली ती वाट चिखलात बुजून गेली. पत्रा खालून दोन बोटं वर राहिलाय, माझ्या हातचं काम. बाबांचा परवा फोन आला होता. रोज सकाळी मोठा त्या फटीशी नाक लावून बसतो म्हणाले, येरझारा नाही, काही नाही, नुसता बसतो आणि ऊन वाढलं की उठून चरायला जातो. वारा येतो म्हणून बसत असेल, असं त्यांना वाटतं. फट बुजवू का, विचारत होते. मी म्हटलं, दिवाळीला येते तेव्हा बघू.